आमच्या घरातल्या चोराचा तपास

२ मार्च, सोमवार
घरात चोर शिरतो आहे. बाबांचं दाढीचं सामान गायब, हिवाळी कोट गायब, आज तपकिरी बूट. बाबा कंपनीच्या टूरवर, त्यांना बिचाऱ्यांना पत्ताच नाही. ते यायच्या आत चोर धरायचा आणि त्यांच्यापुढे उभा करायचा. मग बघू पुन्हा कसे टूरवर जातात.

पुढे याची किशोरांसाठी रहस्यकादंबरी करणार. नायक : भाऊ, वय सोळा, तल्लख, बोलका. बहीण : वय चौदा, मंद, कायम तोंडात मिठाची गुळणी. घरात तिला घुमीच म्हणतात. तिला विचारलं, तुझा संशय कुणावर? म्हणाली, दादा, तू अभ्यास कर.

५ मार्च, दुपार
सकाळी निघताना पॅसेजभर टाल्कम पावडर भुरभुरली होती. परत येऊन पाहतो तर ठसे! दारापासून थेट बाबांच्या कपाटापर्यंत. आईच्या दागिन्यांकडे ढुंकूनही पाहिलेलं नाही. रेडिओ नेला. बाबा दाढी करताना बातम्या लावतात, तोच. कुलूप शाबूत, म्हणजे बनावट चावी.

निष्कर्ष : चोर बाबांच्याच उंचीचा, बाबांच्याच पायाचा, बातम्यांचा शौकीन. पॅसेजमधली एक लादी उचकटली आहे, येणारा प्रत्येक पाहुणा तिथे ठेचकाळतो. चोर मात्र अलगद ओलांडून गेला. नशीबवान लेकाचा!

आई म्हणाली, हा राडा पुसणार कोण? या घरात शास्त्राची कदर नाही.

८ मार्च, रविवार
घुमी दर रविवारी डबा भरून मैत्रिणीकडे जाते आणि रिकामा आणते. मैत्रीण भलतीच खादाड दिसते. आज पाळत ठेवली. गॉगल, टोपी, सगळं. बस स्टॉपवर घुमीच जवळ येऊन म्हणाली, दादा, उन्हात उभा राहू नकोस, घरी जा. ओळखलं कसं कोण जाणे. तिची बस आली, माझ्याकडे सुट्टे नव्हते. पाळत स्थगित.

११ मार्च
ब्रेनवेव्ह! नवं कुलूप! आईला सांगितलं. ती म्हणाली, बसव, आता काय फरक पडतो. डोळे लाल होते. बटाटे सोलत होती. बटाट्यांनीही डोळे झोंबतात हे नव्यानेच कळलं.

चावीवाल्याने विचारलं, घरात माणसं किती? मी म्हणालो, चार. तो म्हणाला, कुलपाबरोबर चाव्या तीनच येतात, चौथी करून देऊ? म्हटलं, राहू द्या. बाबा आले की दार मीच धावत जाऊन उघडतो, लहानपणापासून. त्यांना चावी कशाला?

१५ मार्च, रविवार, सकाळ
आई ड्युटीवर, घुमी डबा घेऊन गेली. लगेच कुलूप बसवून घेतलं. घुमीला पत्ता लागू दिला नाही. ती कुणाला सांगेल अशी भीती नाही, ती कुणाला काहीच सांगत नाही, पण तपासात गुप्तता म्हणजे गुप्तता. दाराच्या भिंगावर आतून चिकटपट्टी लावली, चोराने डोकावू नये म्हणून.

संध्याकाळ
विजय! विजय!

दाराशी चावीची खुडबुड. चावी फिरेना. पुन्हा खुडबुड. मग अगदी हळू टकटक. आवाज असा लावला की जिना दणाणला. म्हटलं, कुलूप बदललंय! तुझी चावी आता चालायची नाही! या घरात तुझं काही उरलेलं नाही, पुन्हा पाऊल टाकू नकोस! वाक्यं आधीच पाठ केली होती.

चोराने काहीतरी जड खाली टेकवलं. थोडा वेळ तिथेच उभा होता. मग बूट कुरकुरत खाली गेले, सावकाश.

दार उघडलं तर पायपुसण्यावर बॅग. आत कोट, बूट, दाढीचं सामान, रेडिओ. घाबरून सगळा माल टाकून पळाला! बाबा काय खूश होतील!

त्यानंतर
घुमी दूध घेऊन वर आली. तिने बॅग पाहिली, कुलूप पाहिलं. विचारलं, कुठे आहेत? मी म्हणालो, हाकलून दिला.

तिच्या हातातली पिशवी पडली. मग घुमी बोलली. इतकी बोलताना मी तिला कधी ऐकलं नव्हतं. बाबा टूरवर नाहीत, दोन स्टॉप पलीकडे खोली घेऊन राहतात. आईला माहीत आहे. तुला सांगितलं नाही, कारण तू सहन करणार नाहीस असं सगळ्यांना वाटलं. ती दर रविवारी डबा घेऊन त्यांच्या पाया पडत होती, घरी चला म्हणून. आज ते तयार झाले. तिने त्यांना पुढे पाठवलं, वर जा, मी चहाला दूध घेऊन येते म्हणून.

ती धावत खाली गेली. मीही गेलो, अनवाणी. रस्त्यावर कुणी नव्हतं.

परत आलो तर पॅसेजमधल्या लादीवर मीच ठेचकाळलो. अंगठ्याचं नख निघालं. त्यामुळे रडलो. फार रडलो.

१८ मार्च
बाबांच्या खोलीवर गेलो. त्यांनी बसायला खुर्ची दिली, पाहुण्याला देतात तशी. मी म्हणालो, बाबा, मी चोराला म्हणालो होतो. ते म्हणाले, माहीत आहे रे. मग म्हणाले, पण ते खरंच होतं. निघताना पाठीवर हात ठेवला आणि बॅग पाठवून द्यायला सांगितलं.

२० मार्च
चौथी चावी करून आणली. चावीवाल्याने विचारलं, आले का बाबा? म्हटलं, येतातच आहेत.

२२ मार्च, रविवार
बॅग घुमीने नेली. चावीही तिच्याबरोबर दिली. बॅग ठेवून घेतली त्यांनी, चावी परत आली. राहू दे म्हणाले.

कादंबरीचा शेवट घुमीला करायला सांगितला. ती म्हणाली, तूच कर दादा, तुला असलं लिहायला जमतं. आणि माझ्या शेजारी बसून राहिली.

आईने लादी बसवायला गवंडी बोलावला होता. मी त्याला परत पाठवलं. बाबांचा पाय त्याच अंदाजाने पडतो, उगाच अडखळायचे. चावी दारामागच्या खिळ्याला लावली आहे. टूर जरा लांबली आहे, इतकंच.