हौसाबाईंच्या हॉटेलातलं पिलू

रवि. ३ डिसें. २००६, हिंजवडी

मुळशीचं धरण बघून आलो. सुधीर गाडी चालवत होता आणि मी वळणावळणाला रामरक्षा म्हणत होते. शेवटी सूनबाई मृणाल म्हणाली, आई, अहो आता रस्ता सरळच आहे. असेल. समोरून येणारे सरळ असतात का?

परतताना तांदूळ घ्यायला रिहे गावाकडे वळलो. तिथे रस्त्याकडेला हौसाबाईंचं चहाचं हॉटेल. हॉटेल कसलं, घरापुढची पत्र्याची पडवी. आपल्या खाचरातला आंबेमोहरही तिथेच विकतात. आत पाऊल टाकलं तर बाकावर, पोत्यांवर, चुलीपाशी, जिकडेतिकडे मांजरं. आणि नियम असा की मांजर बसलं असेल तिथून त्याला उठवायचं नाही, गिऱ्हाइकाने दुसरीकडे सोय बघायची. सुधीरने उभ्यानेच चहा घेतला. एका म्हाताऱ्या मांजरीला दात उरले नाहीत, तिला हौसाबाई भाकर दुधात कुस्करून बोटाने भरवत होत्या. गिऱ्हाईक हाका मारतंय, ह्यांचं लक्ष नाही. मला बाई फार आवडली.

माझ्या मांडीवर एक पांढरी येऊन झोपली. अकोल्याहून आल्यापासून पहिल्यांदा मनाला जरा स्वस्थता वाटली. मृणाल मात्र बाहेरच थांबली. तिला मांजराचं वावडं, शिंकून शिंकून डोळे लाल.

कबरी म्हणून एक मांजर तोंडात पिलू धरून सारखी आतबाहेर करत होती. हौसाबाई म्हणाल्या, "पिलं फिरवतीय. सात घरं केल्याबिगर न्हाई थांबायची ती." आमच्या अकोल्याकडेही असंच म्हणतात.

घरी आल्यावर सुधीरने डिकीतून तांदळाची पोती काढली आणि मधल्या फटीत पिलू. डोळेसुद्धा उघडलेले नाहीत. पोती भरताना डिकी उघडी राहिली होती, तेवढ्यात कबरीने आमच्या गाडीत एक घर केलं. आणि आम्ही तिचं घर घेऊन निघून आलो.

सोम. ४

झोप नाही. समईची वात दुधात भिजवून पिलाच्या तोंडाला लावते. चोखतं, मग सोडून देतं. पोटात किती गेलं कळत नाही.

सुधीरला म्हटलं, चल, आत्ता सोडून येऊ. म्हणे ऑफिसात रिलीज आहे, सुट्टी मिळणार नाही, शनिवारी नेऊ. शनिवारपर्यंत हे राहणार आहे का? आणि माझं गुरुवारचं तिकीट. हौसाबाईंकडे फोनही नाही.

माणसाच्या हाताचा वास लागला की मांजरी पिलू जवळ घेत नाही, असं लहानपणापासून ऐकत आले. हात लावू नये तर पाजायचं कसं? फडक्याने धरते, पण फडकंही माझंच. सकाळपासून हेच डोक्यात.

मृणाल ऑफिसला निघताना म्हणाली, बाथरूममध्ये ठेवा त्याला. मला लागलं ते. एवढासा जीव, गार फरशीवर! रागाने उचलायला गेले तर टोपलीखाली गरम पाण्याची पिशवी, टॉवेलात गुंडाळलेली. तिनेच ठेवली असणार, दुसरं कोण ठेवणार. उगाच बोलले नाही ते बरं झालं.

संध्याकाळी — आवाज कालच्यापेक्षा बारीक. उद्या मी एकटीच जाणार. सुधीरला सांगायचं नाही, तो नाही म्हणेल.

मंगळ. ५

गेले. पिलू जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, चेन अर्धी उघडी. माणहून घोटवड्याच्या वडापमध्ये, म्हणजे सीटवर माणसं नेणाऱ्या जीपमध्ये, कोंबून बसवलं. शेजारचीचं गाठोडं सारखं पिशवीवर रेलत होतं. दोनदा आत बोट घालून बघितलं, हलतंय का. घोटवड्याला दुसरी जीप. ह्या वयात हे उद्योग! ह्यांना कळलं तर अकोल्यातून ओरडतील.

हौसाबाईंनी पिशवीत बघितलं आणि चुलीवरचा चहा तसाच सोडून सांगू लागल्या. रविवारी आमची गाडी गेल्यावर कबरी अंधार पडेपर्यंत रस्त्यावर ओरडत फिरत होती म्हणे. मग बाकीची दोन पिलं उचलून कुठे गेली, पत्ता नाही. काल जेवायलासुद्धा आली नाही. शिवाय गावात एक काळा बोका हिंडतोय, त्याने शेजारच्यांची पिलं खाल्ली. हे त्यांनी सांगायला नको होतं. पण विचारलं मीच.

कबरी ज्या गोणपाटावर निजायची ते त्यांनी आणलं आणि पिलाला त्यावर चांगलं घोळवलं. पाठ, पोट, पाय. "तुमचा वास जाऊन तिचा लागंल." मग पिलू त्याच गोणपाटासकट पडवीच्या कोपऱ्यात टोपलीत ठेवलं. मी तिथेच बसणार होते. बोका आला तर? हौसाबाई म्हणाल्या, "तुमी हितं बसलात तर आई येनार न्हाई. जरा ओढ्याकडं जाऊन या. मी हाय."

ओढ्यापाशी जाऊन उभी राहिले. किती वेळ थांबायचं हेच ठरेना. लवकर गेले तर कबरी बुजेल, उशीर केला तर बोका. रामरक्षा मध्येच विसरले.

परत आले तर टोपली रिकामी.

पडवीत जीपवाले चार जण चहा पीत होते. त्यांच्या गडबडीत हौसाबाईंची पाठ वळली तेवढ्यातच. त्या म्हणाल्या, आईच घेऊन गेली. मी विचारलं, तुम्ही पाहिलंत?

"पाह्यलं न्हाई. पन बोक्यानं धरलं आसतं तर वरडलं आसतं की." आणि गिलास विसळायला गेल्या.

ओरडायला त्याच्यात जीव होता का? मी गोणपाट उचलून उजेडात धरलं, दोन्ही बाजू पाहिल्या. काही नाही. पेंढ्याच्या गंजीपाशी कान लावून उभी राहिले. माळ्यावर काहीतरी खुसपुसलं, ते उंदीरही असतील. हौसाबाईंनी कबरीच्या ताटलीत दूध ओतून ठेवलं. शेवटची जीप होती म्हणून निघावं लागलं.

बुध. ६

बॅग भरली. काल निघताना हौसाबाईंनी तांदळाची पिशवी बळेच दिली, पैसे घेतले नाहीत. त्या बाईला खरं माहीत असेल का? मला वाईट वाटू नये म्हणून म्हणाल्या असतील? मी त्यांच्या जागी असते तर तेच म्हटलं असतं.

सुधीर कालपासून रागावलाय. एकटी गेलीसच कशी, एवढंच म्हणाला.

मृणाल काल मी झोपल्यावर आली आणि सकाळी मी उठायच्या आत गेली, आज मात्र लवकर आली. आल्या आल्या बाथरूममध्ये डोकावली. टॉवेल अजून तिथेच आहे, मला उचलवला नाही. चप्पलसुद्धा न काढता दारात उभी राहून विचारते, "आई, सापडली का हो त्याची आई?"

मी हो म्हटलं. तिचं तोंड इतकं खुललं की पुढे मलाच थांबवेना. कबरीने त्याला कसं मानगुटीला धरून उचललं, तेही सांगून बसले.