काविळीची माळ

माय, तू गेलीस त्या वयापेक्षा मी आता मोठी झाले आहे, आणि तरी तुझ्यावरचा माझा एक संशय गेलेला नाही. गेल्या महिन्यात आमच्या शाळेत मुलींना तपासायला एक डॉक्टरीणबाई आल्या होत्या. चहा पिताना त्यांनी सहज विचारलं, तुमच्या आई कशाने गेल्या? मी इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले तेच सांगितलं, काविळीने. मग त्यांनी आणखी दोन-चार गोष्टी विचारल्या, आणि कप खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "बाई, ती साधी कावीळ नव्हती. छातीची गाठच यकृतात जाऊन बसली होती." मला धक्का बसेल असं त्यांना वाटलं असावं. बसला नाही. माझ्या मनात एवढंच आलं की हे तेव्हा आपल्या घरात कोणाला ठाऊक होतं आणि कोणाला नव्हतं, याचा छडा आता तरी लावावा.

तेव्हा महाराष्ट्र होऊन दोनेक वर्षं झाली होती. मी अकोल्याला मास्तरकीच्या शिक्षणाच्या शेवटच्या वर्षाला होते. नागपूरला तुझी गाठ काढून आणली त्याला वर्ष होत आलं होतं आणि बाबा भेटेल त्याला सांगायचे, "गाठ गेली, आता काही नाही." मग एक दिवस त्यांचं कार्ड आलं: आईला कावीळ झाली आहे, सवड असल्यास येऊन जा. बाबांनी आयुष्यात मला कधी 'सवड असल्यास' लिहिलं नव्हतं. ये म्हणायचे किंवा येऊ नको म्हणायचे. जळगाव जामोदची एसटी येईपर्यंत मी ते दोन शब्द पुन्हा पुन्हा वाचत होते. शंकेला तिथून सुरुवात झाली.

तू पडवीत बाजेवर बसली आहेस. डोळे पिवळे, हात काड्यांसारखे, आणि पोट मात्र असं वर आलेलं की मला लाजच वाटली, काय बघते आहे म्हणून. तू हसलीस. "काय पाहून राह्यली अशी? पिवळी झाली म्हनून का मी दुसरी झाली?" अंगाला खाज इतकी की कडुलिंबाच्या पाल्याच्या पाण्याने अंघोळ घालून आत्या तुला ओल्या फडक्याने पुसत बसायची. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तुझ्या दुखण्यासाठी म्हणून आली होती आणि येताना माझ्यासाठी एक स्थळही घेऊन आली होती. पथ्याचं सगळं तिच्या हातात. काविळीला तेल नको, हळद नको, म्हणून ते दोन्ही तिने बंद केलं होतं. पोटात पाणी धरतं म्हणून डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. तू ताटाकडे बघून म्हणालीस, "आता भाकरीतली ज्वारी तेवढी काढायची राह्यली." आत्यालाही हसू आलं. मला नाही आलं. साध्या काविळीत पोटात पाणी का व्हावं, हे मला कोणी सांगत नव्हतं.

माळ आत्यानेच आणवली. सातपुड्याच्या पायथ्याकडून एक म्हातारा आला, कसल्याशा मुळीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले, आणि ती इवलीशी माळ त्याने मुंडाशासारखी तुझ्या डोक्यावर बसवली. कावीळ जसजशी उतरेल तसतशी माळ वाढत जाईल, डोक्यावरून गळ्यात, गळ्यातून कमरेला, आणि पायांतून निघाली की ती वाहत्या पाण्यात सोडायची. "हात लावू नका बरं तिले," तो म्हणाला. "थे आपल्या मनानं उतरते." बाबांनी तोंड फिरवलं. पंचशील घेतल्यापासून आपल्या घरात असलं काही चालत नव्हतं, पण तुझ्या डोळ्यांकडे बघून त्यांनी अडवलं नाही. "यात मंत्र नाही, मास्तर," म्हातारा म्हणाला, "मुळी हाये." मुळ्या वाळतात, आकसतात, गाठी सैल होतात आणि माळ लांबते, हे मला तेव्हाही दिसत होतं. मी आत्याला तसं म्हटलं. ती म्हणाली, "लय शिकली तू. मंग सांग बरं, तुह्या मायचे डोळे काऊन पिवळे हाये?"

माळ गळ्यात आली, छातीवर आली. नागपूरच्या व्रणावरून घसरली तेव्हा तू डोळे मिटून घेतलेस. मग पोटावर येऊन अडकली. पोट तिच्याहून मोठं झालं होतं. त्याच आठवड्यात तालुक्याचे डॉक्टर आले, सुई टोचून त्यांनी नळीने पाणी काढलं, पितळी घंगाळं भरलं. पोट उतरलं आणि माळ थोडी खाली सरकली. आत्याने ओट्यावर उभं राहून शेजारणीला सांगितलं, "पाह्य, माळ लागू पडली." डॉक्टर हात धुताना हे ऐकत होते. मी त्यांना विचारलं, गाठीचा आणि याचा काही संबंध आहे का? ते म्हणाले, "लिव्हरला सूज आहे. तुमची परीक्षा कधी आहे?" मग बाबांना घेऊन ते अंगणातल्या कडुलिंबापर्यंत चालत गेले. मी मागे गेले तर बोलणं इंग्रजीत सुरू झालं. बाबा चौथीचे मास्तर, इंग्रजी जेमतेम अक्षरओळखीपुरतं; त्या दिवशी ते नुसती मान हलवत होते. त्या दिवसापासून मी दोघांनाही पाण्यात पाहायला लागले.

परीक्षेचा विषय घरात कोणी काढत नव्हतं. फक्त तू काढायचीस. तुझा बेत साधा होता: माळ पायांतून निघाली की पोरीने अकोल्याला जायचं. आत्या म्हणायची, "जाऊन काय करते? अवंदा नाही तं पुढच्या साली. आंधी लग्न पाहू." मी ठरवलं होतं, तू बरी होत असशील तरच जाईन. म्हणजे माझं जाणं-राहणं त्या माळेवर येऊन थांबलं होतं, जिच्यावर माझा काडीचा विश्वास नव्हता.

पाणी काढल्यावर आठवडाभरातच पोट पुन्हा भरलं, पहिल्यापेक्षा जास्त. कातडी तकतकीत, निळ्या शिरा वर आलेल्या. दुपारची तू गुंगीत असायचीस, मला तुझ्या बहिणीच्या नावाने हाक मारायचीस. आणि माळ मात्र खाली चालली होती. पोट वाढत होतं आणि माळ त्या पोटावरून उतरत होती. मुळ्या तर कधीच वाळून गेल्या होत्या, त्यांत आता लांबायला काही उरलं नव्हतं. कोणीतरी तिला हात लावत होतं. मला आत्याचा संशय आला: म्हातारा तिने आणला, इज्जत तिची होती. मग वाटलं बाबा, मला परीक्षेला पाठवायला. मी दोघांवर नजर ठेवली. आत्या तुझं अंग पुसायची तेव्हा मी समोर बसायचे. ती एकदा चिडून म्हणाली, "काय चोरावानी पाह्यतं माह्या हाताकडे?"

आणि मग ती दुपार. आत्या दळण आणायला गेली आहे, बाबा शाळेत, मी विहिरीवरून परतले आहे, अनवाणी. पडवीच्या दारातून बघते तर तू भिंतीला टेकून बसली आहेस. गोधडीची सुई तुझ्या हातात आहे. तू माळेची एक गाठ उकलते आहेस. सुईचं टोक गाठीत जात नाही, पुन्हा घालतेस. ओठ दातांखाली धरले आहेत, तू बारीक नक्षी काढताना धरायचीस तसे. गाठ सैल झाली, तू बोटभर दोरा ओढून घेतलास आणि माळ पोटावरून खाली ढकललीस. गुंगी नव्हती तुला. त्या वेळी तुझ्याइतकं जागं घरात कोणी नव्हतं.

मी तशीच मागे फिरले. आत्याला बोलले नाही, बाबांना बोलले नाही. काही दिवसांनी माळ तुझ्या पावलांतून निघाली. आत्या आणि बाबा ती नदीत सोडायला गेले. तू म्हणालीस, "झालं? आता जाय. आन् पेपर अर्धा सोडून येऊ नको." मी तुझ्या डोळ्यांत बघितलं. ते तितकेच पिवळे होते, आणि तू डोळे चोरले नाहीस. मी गेले. शेवटचा पेपर देऊन बाहेर आले तर फाटकाशी बाबा उभे होते, टोपी हातात धरून.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा त्यावर कोणाकडेच औषध नव्हतं. पाणी काढायचं, खाज कमी करायची, माणसाला जमेल तेवढं सुखाने ठेवायचं. म्हणजे त्या डॉक्टरांनी करायचं ते केलं होतं. आत्याने भाबडेपणाने केलं. बाबांनी मान हलवली. त्यांच्यावरचे माझे सगळे संशय एका चहात मिटले. तुझ्यावरचा राहिला. तुला कोणी सांगितलं होतं, माय? की कोणीच नाही, आणि तू आमच्या तोंडांवरून वाचलंस? आणि ती गाठ उकलताना तुला फक्त मला घालवायचं होतं, की थोडं, अगदी थोडं, तुलाही वाटत होतं की माळ उतरली की दुखणं उतरेल? हे दुसरं खरं असेल तर मला ते सहन होणार नाही, म्हणून मी पहिलं धरून बसते.

या कागदावर पत्ता घालायचा नाही, म्हणून एवढं सांगते. त्या दुपारनंतर रोज विहिरीवरून आले की मी घागर ओट्यावर आदळून ठेवायचे आणि उगाच खाकरायचे. आतून तू विचारायचीस, "कोन हाये?" मी लगेच उत्तर द्यायचे नाही. तुला सुई ठेवायला लागेल तेवढा वेळ जाऊ द्यायचे, मग म्हणायचे, मी आहे.