हळू पडणाऱ्या विटा

बाई, तुम्ही ज्या पोरांचे वर्गात कान धरायचात त्यांची पोरं आता शाळेत जातात, इतकी वर्षं झाली तुम्हाला जाऊन. तरी माझा तुमच्यावरचा राग गेलेला नाही. तो आधीच सांगून टाकते, म्हणजे म्हातारी गोड बोलायला आली असं समजू नका. मी तिसरीपर्यंतची, त्यातलं निम्मं गुरांमागं गेलं. लिहायला तुम्हीच लावलंत. शाळेतली खिचडी वाटून, पातेली घासून झाली की मला शेवटच्या बाकावर बसवायचात आणि पोरांच्या पुस्तकातले धडे उतरवून काढायला सांगायचात. "मावशी, बोलता तसं नको, पुस्तकात आहे तसं लिवा." आणि स्वतः मात्र लातूरकडचं बोलायचात, "काय करायलाव मावशी?" पोरं तुमच्या पाठीमागं नक्कल करायची. मीही करायची, ते तुम्हाला ठाऊक नव्हतं.

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. तुमचे मालक बावधनला राहून कुठल्याशा हापिसात कामाला जायचे. तिथले मोडीत काढलेले दोन कॉम्प्युटर त्यांनी जीपमधून आपल्या शाळेत आणले. मुठा खोऱ्यात तेव्हा दिवसातून कितीदा लाइट जायची, आणि हे यंत्र घेऊन आले! तुम्ही सगळ्या गावाला समजावत होतात, की यात लिनक्स घातलंय, ते जुन्या यंत्रावरही चालतं आणि फुकट मिळतं. मी चुलीपाशी बसून ओरडले, "फुकटचं हाय म्हंजे किती दिस टिकंल?" तुम्ही म्हणालात, "मावशी, तुमची खिचडी पण फुकटचीच आहे की ओ." सगळी पोरं हसली. त्या दिवशी तुम्ही मला पहिल्यांदा आवडलात.

त्यात दोन खेळ होते. एक नवा, बर्फावरून घसरत जाणाऱ्या पक्ष्याचा. तुम्ही पेंग्विन म्हणायचात, आम्ही बदक. तो त्या जुन्या यंत्रावर अडकत अडकत चालायचा. दुसरा फार जुना, विटांचा. वरून रंगीत विटा पडतात, त्या फिरवून नीट बसवायच्या, एक रांग पुरी झाली की ती रांग नाहीशी होते. मी म्हटलं, "बांधलेली भित गायब करणारा गवंडी मी दारात उबा केला नसता." पण माझी नात त्या खेळाला चिकटली ती चिकटलीच.

नातीचं तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही तिला माझ्याएवढंच ओळखत होतात. पण तिच्याविषयी लिहायला बसलेय, तर लिहितेच. तिचा बाप, म्हणजे माझा मुलगा, धरणाकडच्या एका बंगल्यावर वॉचमन. सून त्याच बंगल्यावर झाडलोट आणि स्वयंपाक करायची. पोर माझ्यापाशी. नऊ वर्षांची झाली तरी मी तिला काखेत मारून शाळेत आणायची, कारण पायातलं बळ आधीच गेलं होतं. पुण्याच्या मोठ्या डॉक्टरनं सांगितलं होतं, हे बळ उतरतच जाणार, पाय, मग हात, मग छाती, आणि गेलेलं परत येणार नाही. मी विचारलं, "किती वर्षं?" त्यानं माझ्याकडं न बघता कागदाकडं बघितलं. सुनेला वाटलं, डॉक्टर आहे, देव नाही. तिनं गावच्या देवीला नवस बोलला, की पोरीचे निदान हात सुधरू दे, तुझ्यापुढं तिची गुळानं तुला करीन.

बदक आधी गेलं. त्याला चपळाई लागते. विटांचा खेळ राहिला. त्याला चार बटणं लागत. पोरीचा हात तेवढा फाकेना, तर तुम्ही चारही बटणं एकाजवळ एक आणलीत, मग तीन केलीत, मग दोन. मी बघत होते. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं यायची, तुम्ही काहीतरी बदलायचात. लिनक्समधला खेळ आतून उघडता येतो, कुणालाही वाचता येतो, बदलता येतो, असं तुम्ही सांगितलंत. गिरणीवाला पीठ जाडंबारीक करतो तसं, मी मनात म्हटलं. मला ते पटलं होतं. पण तुम्ही आणखी एक गोष्ट बदलत होतात, ती मला सांगितली नाहीत.

तिच्या रांगा वाढायला लागल्या. आधी दहा, मग वीस, मग चाळीस. वर्गातून ओरडायची, "आजे, चाळीस!" घरी आईला म्हणायची, "आई, माजा हात सुधारतोय." सून मला विचारते, "आत्याबाई, खरं का वो?" मी म्हणते, "रांगा तर वाढल्यात. मी डोळ्यानं बघितल्यात." त्याच दिवसांत घरी तिच्या हातातून पाण्याचा पेला सुटायचा. मला वाटायचं नखरे करते. शाळेत चाळीस रांगा लावणारी पोर घरी पेला कसा सोडते? एकदा त्यासाठी तिच्या पाठीत धपाटा घातला मी. हे तुमच्या खात्यावर घालू की माझ्या, अजून ठरत नाही.

नवस फेडला. देवळापुढं तराजू टांगला, एका पारड्यात पोर, दुसऱ्यात गूळ. अकरा वर्षांची पोर, आणि दोन ढेपांतच पारडं टेकलं. गुरव म्हणाला, "पार काडी झालीस गं, खात जा जरा." पोर हसली. सून रडत होती, पण आनंदानं. दुसऱ्या दिवशी मी तो गूळ शाळेत आणला, आणि खिचडीच्या खोलीत तुमच्या हातावर खडा ठेवला.

तुम्ही विचारलंत, "कशाचा ओ मावशी?"

"नवसाचा. पोरीचा हात सुधारला, म्हणून तुला केली."

तुम्ही तो खडा तोंडात घातला नाहीत. खालीही ठेवला नाहीत. तुमच्या मुठीत तो चिकट होत गेला आणि तुम्ही भिंतीकडं बघून बोलायला लागलात, की हात सुधारलेला नाही, उलट पहिल्यापेक्षा गेलाय, तुम्ही दर महिन्याला विटा हळू करत आलात, पोर हरू नये म्हणून. आता वीट इतकी सावकाश येते, की दुसरं पोर कंटाळून उठून जाईल.

मी काय काय बोलले ते मला सगळं आठवतं. "देवीला काय सांगू आता, मास्तरीण खोटारडी निगाली म्हणून? माज्या सुनंनं उपास काढलं, उगड्या पायानं डोंगर चढली, अन् तुमी हितं बसून आकडं फिरवताय व्हय? शिकल्याल्या बाईनं असं खोटं खेळावं लेकराशी?" तुम्ही एकदाही आवाज चढवला नाहीत. मला वर्गात नेलंत, काळा पडदा उघडलात आणि तो आकडा दाखवलात. आकडा वाढवला की वीट हळू, कमी केला की जोरात. काय काय दाबायचं ते माझ्या धड्यांच्या वहीत मागच्या पानावर लिहून दिलंत. म्हणालात, "माझ्यानं होईना. तुम्हाला वाटलं तर तुम्हीच पहिल्यासारखं करा. खरं सांगा तिला, मावशी. पण सांगितल्यावर तिच्या हातात दुसरं काय देणार, ते पण ठरवून ठेवा."

मी म्हटलं, "दिवाळीच्या सुट्टीनंतर तुमीच सांगायचं. पोरीला पन, अन् तिच्या आईला पन. न्हाईतर मी सांगीन." तुम्ही हो म्हणालात. पौडच्या स्टँडवर एसटीत बसलात, गावी गेलात, आणि तिकडंच तापानं गेलात. सात दिवसांचा ताप. तुमचे मालक येऊन तुमचं सामान घेऊन गेले, कॉम्प्युटर तसेच ठेवले. मी त्यांच्यापुढं रडले नाही. मला राग आला होता. कबूल केलेलं काम माझ्या गळ्यात टाकून बाई गेली, असं वाटत होतं.

मग मी ठरवलं, तोंडानं सांगायची गरज नाही, आकडाच सांगेल. नव्या गुरुजींना त्या यंत्रांशी देणंघेणं नव्हतं. एका दुपारी पोरं मैदानात असताना मी वही उघडून, एकेक अक्षर शोधत, खेळ होता तसा केला. अर्धा तास गेला मला. मग तिला खुर्चीत बसवली, पाठीला उशी दिली, आणि शेजारी उभी राहिले. काय बोलायचं ते तयार होतं. बाई खोटं करत होत्या, तुझा हात गेलाय, रडायचं तर रड, असंच सरळ.

विटा धडाधड पडतात. तिचं बोट बटणावर पोचेपर्यंत वीट खाली. सगळा पडदा भरतो, खेळ संपतो. ती परत सुरू करते. परत भरतो. एकही रांग होत नाही. किती वेळा तिनं सुरू केला, मी मोजलं नाही. तिचं तोंड वाकडं झालं नाही, तेच मला बघवेना. शेवटी तिनं हात मांडीवर ठेवला, म्हणजे तो पडलाच, आणि म्हणाली, "आजे, आज लाइट कमी हाय गं."

मी म्हटलं, "व्हय. आज लाइट लईच कमी हाय."

"उद्या यील?"

"यील की. न यीऊन जाती कुटं?"

पुढं मला कळलं, लाइट कमी झाली तर कॉम्प्युटर बंद पडतो, विटा जोरात पडत नाहीत. ती तुमच्या हाताखाली शिकलेली, तिला हे माहीत असणार. मी कधी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी तिला आणायच्या आधी जाऊन मी आकडा वाढवला, तुम्ही ठेवला होता त्याच्याही वर. पुढची दोन वर्षं तेच केलं. वीट वरून निघायची ती जणू जिना उतरतेय. नंतर तिला बटण दाबवेना, तर ती "डावीकडं, अजून, थांब आजे, आंधळी हायेस का?" म्हणायची आणि मी दाबायची. त्या रांगा ती स्वतःच्या म्हणून आईला सांगायची. पंधरावं लागलं आणि एका थंडीत छातीत कफ धरला, चार दिवसांत आटोपलं. डॉक्टरनं कागदात बघितलं होतं ते बरोबर होतं.

तिचं मी सोसलं. माझं काळीज कठीण आहे. पण त्यानंतरचं सांगायला हे पत्र लिहितेय. तेराव्याच्या दिवशी सून माझ्यापाशी येऊन बसली आणि हळूच म्हणाली, "आत्याबाई, हात सुधारला व्हता न्हवं? मग देवीनं उलटं का केलं? तुलेच्या दिवशी मी बंगल्यावर च्या पिले. उपास व्हता माजा. मालकीन म्हनल्या घे, म्हनून पिले. त्यानंच झालं का?"

तेव्हा सांगायचं होतं, बाई. एका वाक्याचं काम होतं. हात सुधारलाच नव्हता, देवीनं काही दिलं नव्हतं आणि काही नेलं नाही, तुझ्या चहाचा यात काही संबंध नाही. मी गप्प बसले. मी गप्प बसले म्हणजे तिला होकारच वाटला. तेव्हापासून ती दर शुक्रवारी कडक उपास करते, पाण्याशिवाय तोंडात काही घेत नाही, आणि चहा तर तिनं जन्माचा सोडला. बंगल्यावर पाहुणे आले की सगळ्यांना करून देते. आता तीही पन्नाशीला आली, चक्कर येते, तरी सोडत नाही.

तुमच्यावर ती रागावणार नाही, एवढं मी तिला ओळखते. तुमचं नाव काढलं की अजून हात जोडते. रागावेल ती माझ्यावर. मी ते दोन वर्षं केलं, आणि नंतर इतकी वर्षं तिला उपाशी बघितलं. हा कागद वहीत ठेवला तर तिच्या हाताला लागेल, ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. म्हणून संध्याकाळी चूल पेटली की आत घालीन. तुम्हाला असंही कुठं धाडायचं होतं.

तिला न सांगण्याचं कारण काही मोठं नाही. माझे गुडघे गेलेत, मला दोन वेळचं तीच वाढते. आज शुक्रवार आहे. मघाशी भाकरी, पिठलं ताटात वाढून ती उपाशीच कामाला गेली, आणि मी जेवले.