चार मिनिटं दहा सेकंद

४ फेब्रुवारी, मंगळवार

उजवा डोळा गेलाच! डाव्याचं ऑपरेशन बावीस तारखेला. डॉक्टर म्हणाले, "केलं तरी दिसेलच असं नाही. नाही केलं तर मात्र नक्की जाईल." आईनं भाजीचा भाव ऐकावा तशी मान हलवली.

बसमध्ये म्हणाली, "त्याआधी तुझ्या बापाचा चेहरा एकदा बघायचा होता."

"आई, फोटो कुठाय आपल्याकडे?"

"फोटो नाही. सिनेमात आहे तो."

वडिलांना नदीनं नेलं तेव्हा मी दीड वर्षाचा, एकुलता एक. देहसुद्धा हाती लागला नाही. रोज सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा त्यांच्या आत्म्याला शांती मागतो. डोळे मिटतो, पण पुढे चेहरा येत नाही, कारण आठवायला चेहराच नाही. आणि ही आज सांगते! गावाला सिनेमावाले आले होते म्हणे. वडील अकरा दिवस त्यांच्याकडे कामाला होते. नदी ओलांडणाऱ्या गर्दीत खांद्यावर शिडी घेऊन चालले. पुढे दोन महिन्यांनी होडी उलटली.

"मग इतकी वर्षं का नाही बोललीस?"

"तू विचारलंस कधी? गावात थेटर नव्हतं. सिनेमाचं नावसुद्धा मला ठाऊक नाही. धूर फार केला होता मेल्यांनी, एवढं आठवतं."

नदी. गर्दी. धूर. मला नाव ठाऊक आहे — 'नदीपारचा दिवा'. मी नोकरी करतो त्याच चॅनेलवर चार वेळा लागलाय. पडद्याखाली येणारी माहितीची पाटी मीच लिहिली होती: दिग्दर्शक धुक्यासाठी सात दिवस काठावर बसून राहिला, धुकं आलं नाही, शेवटी ओलं गवत पेटवलं, माणसं इतकी खोकत होती की तो आवाज बुडवायला नंतर ढोल घालावे लागले.

देव माझ्यावर इतका मेहेरबान! उद्याच टेप घरी आणतो.

५ फेब्रुवारी, बुधवार

टेप लावली. नायिका दिवा उचलते — आणि एकदम पैलतीर. मधली नदी नाहीच.

नोंदवही काढली. एकोणीस वर्षांपूर्वीची नोंद. 'नदी ओलांडणे. ४ मि. १० से. अनावश्यक.'

अक्षर माझं. सही माझी.

६ फेब्रुवारी, गुरुवार

देवा.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

आईला अजून खरं सांगितलेलं नाही. "टेप सापडत नाहीये" म्हणालो. तर बायकोनं बरोबर तिच्यासमोरच विचारलं, "अहो, तुम्ही सिनेमे कापता म्हणजे नक्की काय करता?"

काय सांगू! दोन तासांचा सिनेमा, जाहिराती धरून रविवारच्या दुपारी बसवायचा असतो. आमच्याकडे रीत आहे — गर्दी आधी. गर्दीला संवाद नसतात. गर्दी कापली तर गोष्ट तुटत नाही. नायकाला हात लावला की फोन येतात. गर्दीसाठी कुणी फोन करत नाही. आणि कापून झालं की मूळ टेप पुसून दुसऱ्या कार्यक्रमाला द्यायची. कपाटं भरली होती. तेही मीच करायचो.

एवढं सगळं सांगितलं नाही. "जास्तीचं काढतो," म्हणालो.

आई म्हणाली, "शिवणकामासारखं."

"हो, तसंच."

गावच्या शाळेत गुरुजी म्हणायचे, खोडायचं तर एकच रेघ मारा, खालचं वाचता आलं पाहिजे. मी तेवढंही ठेवलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

निर्मात्याच्या मुलाला फोन केला. रिळं? "काका, ती केव्हाच भंगारात गेली. फिल्ममधून चांदी काढतात ना." असं हसत हसत म्हणाला. त्याचा तरी काय दोष. त्याने न बघता टाकलं. मी बघून टाकलं.

बारा दिवस राहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार

संग्रहालयाला पत्र लिहिलं, नंतर फोन. त्यांच्याकडे 'नदीपारचा दिवा'ची फक्त जाहिरातपत्रं. दोन जुने थेटरवाले झाले, एक फिरता सिनेमावाला झाला. त्याच्याकडे प्रिंट होती — पाचवं रीळ उंदरांनी खाल्लं. नदी पाचव्यातच!

चॅनेलच्या मॅडमनी आठवण करून दिली, रविवारच्या पाट्या झाल्या का. लिहिल्या. 'तेरावा साक्षीदार' — अवश्य बघावा. कोर्टाच्या प्रसंगात न्यायाधीश सारखे घड्याळाकडे बघतात तो अभिनय नव्हे, त्यांना नाटकाच्या प्रयोगाला जायचं होतं. लोक हसतील. मी हे असलं सगळं जाणतो. कुणाला कुठे जायचं होतं ते जाणतो. माझा बाप कसा दिसत होता ते जाणत नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी पूजेला बसलो आणि सौदा करायला लागलो. देवा, चार मिनिटं दहा सेकंद दे, बाकी काही मागणार नाही. मग लाज वाटली. असं मापात मागतात का?

आई आता चहाचा कप चाचपून घेते.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

तक्रारींच्या फायली उपसल्या. वेड्यासारखं वाटत होतं, पण दुसरं करणार काय! आणि सापडलं. एकाच बाईंची सात पत्रं. निवृत्त शिक्षिका. पहिल्यातच — 'आपण नदी कापलीत. नदीच नाही तर पलीकडच्या दिव्याला अर्थ काय? आमच्याकडे आपल्याच वाहिनीवरून पूर्वी उतरवून घेतलेली पूर्ण कॅसेट आहे, म्हणून बोलते.'

कोपऱ्यात माझा शेरा: 'उत्तर नको.'

पत्र हातात धरून टेबलाशी रडलो. कुणी बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी, शनिवार

बाईंकडे जाऊन आलो. दुसरा मजला, दारात कुंड्या. वय ऐंशीच्या पुढे, पाठ ताठ.

"तुम्हीच का ते कात्रीवाले?"

"हो बाई."

"बसा. वीस वर्षं वाट बघतेय तुमची."

पाऊण तास झोडपलं मला! कोणत्या सिनेमातलं काय गेलं ते तारखांसकट. मी खाली मान घालून ऐकलं, शाळेत ऐकायचो तसं. मग आईचं सांगितलं. त्या उठल्या, कपाट उघडलं. कॅसेट दिली, लावायचं यंत्रही दिलं — "तुमच्याकडे कुठलं असणार आता!"

दारात थांबवलं. "आईला दाखवा. पण मग सगळ्यांना दाखवायचं. नदी जागेवर ठेवायची. शब्द?"

दिला.

१६ फेब्रुवारी, रविवार

उशीर झाला.

आईला टीव्हीपुढे नाक लावून बसवलं. प्रसंग सुरू झाला. ती म्हणाली, "सगळं धुरकट दिसतंय. डोळा का सिनेमा?"

"धूर आहे गं. गवत जाळलं होतं ना."

"मग धूर सरला की सांग."

धूर सरला. होड्या दिसल्या, काठ दिसला, माणसं दिसली. आईला काही दिसलं नाही.

जिला चेहरा ठाऊक तिला दिसत नाही. ज्याला दिसतं त्याला चेहरा ठाऊक नाही. देवा, ही काय रीत?

१७ फेब्रुवारी, सोमवार

आज आईच म्हणाली, "लाव परत. तू बघ, मी विचारते."

साठ-सत्तर माणसं. मी एकेक सांगत गेलो. पागोटंवाला — नाही. बकरी उचललेला — "तो नव्हे, तो फार लबाड होता." शेवटी उजवीकडून एक जण आला. खांद्यावर शिडी.

"डावा खांदा उतरता आहे का?"

"आहे."

"चालताना पावलं बाहेर टाकतो?"

"हो."

"मग तोच." हात पुढे केला. मी तो धरून काचेवर ठेवला. चित्र थांबवलं होतं, तरी म्हणाली, "जाऊ देऊ नकोस."

चोवीस-पंचवीसचं पोर. माझ्या निम्म्या वयाचं! ओठ घट्ट मिटलेले — मी दाढी करताना मिटतो तसे. मी वडिलांना पहिल्यांदा बघत होतो आणि मनात आलं, अरे, याला कुणीतरी जेवायला वाढा.

"कसा दिसतो?" आईनं विचारलं.

मी चोवीस वर्षं सिनेमांवर लिहितोय. मला एक शब्द सुचला नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार

मॅडमच्या केबिनमध्ये. येत्या रविवारी 'नदीपारचा दिवा' लावू म्हणालो, पूर्ण नदीसकट.

"बुवा, चार मिनिटांच्या जाहिराती काय तुमचा देव देणार?"

"तेवढंच दुसरं काही काढतो."

"काय काढाल?"

"नायकाची मारामारी. चार मिनिटं पंधरा."

मॅडमनी चष्मा काढला. "फोन वाजले तर तुम्ही घ्यायचे."

"घेतो."

२२ फेब्रुवारी, शनिवार

ऑपरेशन झालं. डॉक्टर बाहेर आले, खांद्यावर हात ठेवला. तेवढ्यावरूनच कळलं.

२३ फेब्रुवारी, रविवार

आई पलंगावर, डोळ्याला पट्टी. बायको तिच्या पायाशी. टीव्हीवर नदी आली — एकोणीस वर्षांनी. खाली माझी पाटी: 'पडद्यामागे — या प्रसंगातली माणसं नदीकाठच्या गावची. उजवीकडून शिडी घेऊन येणारा तरुण अकरा दिवस या कामावर होता.' नाव घातलं नाही. धीर झाला नाही, आणि ते रीतीतही बसत नव्हतं. बायकोनं पाटी आईला मोठ्यानं वाचून दाखवली.

"एवढंच लिहिलंस?" आई म्हणाली. "शिडी जड होती म्हणून तरी लिहायचं."

मग ढोल वाजले, आणि मी तिला कानात सांगत राहिलो. आता आला. आता मधे आहे. आता पाण्यात पाय टाकला. आता धुरात गेला.

"गेला?"

"गेला."

तिनं माझा हात सोडला. किती वेळ धरून होती ते तेव्हा कळलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

त्रेचाळीस फोन. सगळे मारामारीचे. "नायकाला कापता? लाज नाही वाटत?" घेतले. मॅडमनी कागद दिला हातात, खुलासा मागितलाय. लिहीन. त्यात 'अनावश्यक' हा शब्द येणार नाही.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आई विचारते, दिवस आहे की रात्र. आज सकाळी पूजेला डोळे मिटले तर चेहरा आला. शांती मागायच्या आधीच मी उठलो. तो पंचविशीतला पोरगा मेलेला वाटेचना.

६ मार्च, गुरुवार

ऑफिसात एक कार्ड आलं. वर 'पडद्यामागे लिहिणाऱ्यास'. मोठं अक्षर, एकेक सुटं. जसंच्या तसं उतरवतो —

'तुमची पाटी चुकली. ती शिडी नव्हती. होडीला लावायची फळी होती. धुरात तशी दिसते. आणि अकरा दिवस नाही. नऊ. दोन दिवस मुलाला गोवर निघाला म्हणून मी घरी होतो.'

नाव नाही. पत्ता आहे.

आईला वाचून दाखवलं. दोनदा. तिनं कार्ड मागून घेतलं, अक्षरांवरून बोट फिरवत राहिली.

"गोवर तुलाच निघाला होता. त्याला लिहिता येत नव्हतं," म्हणाली. "शिकला म्हणायचा."