दुसऱ्यांदा मागितलेले गोळे

अप्पा, हे मी मराठीत, मराठी अक्षरांत लिहिते आहे. म्हणजे तुम्ही जिवंत असतात तरी तुम्हाला हे वाचता आलं नसतं. तीनशे वर्षं आम्ही ही भाषा राखली, असं तुम्ही घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचात, आणि ती लिहायची वेळ आली की तमिळ अक्षरांत लिहायचात. उंबऱ्याच्या आत मराठी, बाहेर तमिळ, हा तुमचा नियम. आत माझ्या तोंडून एखादा तमिळ शब्द निसटला, तर हातातला तांब्या खाली ठेवून तुम्ही ते वाक्य मला पुन्हा म्हणायला लावायचात. पुढे मी पुण्याला जाऊन ही लिपी शिकले. तिथे माझ्या बोलण्याला हसायचे. पणजोबांशी बोलतोय असं वाटतं, म्हणायचे. मला त्याचं काही वाटलं नाही. भाषेवरून कोण किती मोठा होतो आणि किती लहान, ते मी घरीच पाहून गेले होते.

ती शिवणारी बाई तुम्हाला आठवत असेलच. कुंभकोणमच्या बाजारात पितळी भांड्यांच्या दुकानांमागे तिचं एका खोलीचं दुकान होतं. आई मला घेऊन पहिल्यांदा तिथे गेली, तो दिवस मला स्पष्ट दिसतो. बाई आईचं माप घेते आहे, तोंडात टाचण्या. आई मला हळूच मराठीत म्हणते, "ही बाह्या आखूड करील, बघ तू." बाई एकेक टाचणी तोंडातून काढते आणि म्हणते, "नाही करत हो वहिनी. तुमचेच हात लांब आहेत, त्यास मी काय करू?" आई इतकी हसली की माप पुन्हा घ्यावं लागलं. तिच्याशी मराठीत बोलणारे तोवर आपण दोघंच होतो, आणि तुमचं बोलणं म्हणजे चुका काढणं. त्यानंतर आई दर आठवड्याला स्वतःच काहीतरी उसवायची आणि ते शिवून घ्यायला तिच्याकडे जायची. तिला अक्का म्हणायची. घरी परतल्यावर स्वयंपाक करताना गुणगुणायची.

एकदा तुम्ही बरोबर आलात. बाईच्या नवऱ्याच्या नावापुढे राव आहे, एवढं ऐकून तुमचं समाधान झालं. राव आपल्याही नावापुढे आहे. आपल्याकडच्या मराठी घरांत तो ब्राह्मणांना असतो आणि मांस खाणाऱ्या मराठ्यांनाही असतो, हे तुम्हाला ठाऊक होतं. पण विचारायचं म्हणजे कमीपणा. तिनं रविवारी जवळच तिरुविडैमरुदूरला तिच्या घरी जेवायला बोलावलं, आणि तिनं मात्र विचारलं. "अण्णा, रविवारी आमच्याकडे वेगळं असतं. तुम्हास चालेल ना?" आई म्हणायला लागली, "अक्का, आमच्यात..." तुम्ही तिला हातानंच थांबवलंत. "आपल्या माणसांत काय विचारायचं? जे शिजेल ते वाढा." मी तिथेच उभी होते, कापडाच्या तुकड्यांशी खेळत.

रविवार. देवळामागची गल्ली, सारवलेली पडवी, तुमचं पान आणि शेजारी माझं. आई अक्काबरोबर मागाहून बसणार म्हणून आपल्याला वारा घालते आहे. पानावर भात येतो आणि त्यावर दाट आंबट आमटी, तिच्यात गोळे. आई वाटलेल्या डाळीचे करायची तसेच दिसणारे. तुम्ही एक खाता, मग तीन. तुम्ही पुन्हा मागता. शेजारणीच्या रसमात लसणाची पाकळी पडली तरी खिडकी लावून घेणारे तुम्ही, त्या दिवशी तुमचं नाक कुठे होतं कोण जाणे. मराठी कानावर पडत होतं, तेवढं तुम्हाला पुरलं. बोटं चाटत तुम्ही म्हणता, "डाळ कुठली घातली? आमच्या घरी इतके मऊ होत नाहीत." आईसमोर म्हणता. अक्का खूश होऊन हसते. "डाळ कुठली अण्णा, मटण आहे. सकाळी हे स्वतः जाऊन घेऊन आले."

तुम्ही हात पानावर तसाच ठेवलात. मग तिच्याकडे न बघता म्हणालात, "एन्नम्मा पण्णिट्टींग?" काय केलंत हे, बाई. बसवाल्याशी बोलावं तशा तमिळमध्ये. ती मराठीतच म्हणाली, "मी विचारलं होतं की हो." तुम्ही पुन्हा तमिळमध्ये काहीतरी बोललात. ती पुन्हा मराठीत. तिसऱ्यांदा तिनं आमटीचं भांडं उचलून आत नेलं. उलटी झाली असती, तुम्ही रडला असतात, तर मी समजून घेतलं असतं. जन्मभर जे शिवलं नाही ते पोटात गेल्यावर माणूस हादरणारच. पण तुम्ही हादरलाही नाहीत. फक्त तिला उंबऱ्याबाहेर काढलंत, तिच्याच घरात बसून.

नंतरचं सगळं तुमच्या इतमामाला साजेसं. नवं जानवं, उपास, पंचगव्य. मी आठ-नऊ वर्षांची, मला नाक दाबून पाजलंत. आईनं तर एक घासही खाल्ला नव्हता, तिलाही पाजलंत. भटजींना सांगितलंत की फसवून खाऊ घातलं. तेच देवळात सांगितलंत, ऑफिसात सांगितलंत. "जे शिजेल ते वाढा" कुणालाच सांगितलं नाहीत. आपल्या गल्लीतल्या बायकांनी तिच्याकडे शिवायला टाकणं बंद केलं, आणि वर्षभरात दुकानाला कुलूप लागलं. आई तुम्हाला एकदाच बोलली. तुम्ही जेवत होतात. ती म्हणाली, "दुसऱ्यांदा तुम्ही मागून घेतलेत." तुम्ही पानावरून उठलात, आणि आठवडाभर तिच्याशीही तमिळ बोललात. त्यानंतर आईनं नवा ब्लाउज कधी शिवला नाही. अक्कानं शिवलेलेच उसवून सैल करत राहिली, आणि जाताना तिच्या अंगावर त्यांतलाच एक होता.

आई गेल्यावर मी तिरुविडैमरुदूरला गेले. गल्ली तीच, पडवीला आता फरशी. म्हातारीनं मला दारात पाहिलं, हाताला धरलं, मनगटापासून कोपरापर्यंत नजर नेली आणि म्हणाली, "वहिनीचे हात." खूप बोललो. तिनं तुमच्याबद्दल एक शब्द काढला नाही, मी पुष्कळ काढले. ती म्हणाली, "राहू दे गं, जेवून जा. आज डाळीचे आहेत." पान मांडलं. तीच आमटी, तेच गोळे.

हा कागद आईच्या ब्लाउजांच्या घडीत ठेवीन. तुमच्याबद्दल मला जे वाटतं त्यातलं काही कमी करायचं नाही. एवढंच राहिलं लिहायचं: तोंडात घालण्याआधी मी तो गोळा बोटानं फोडून आत पाहिलं. म्हातारी समोरच बसली होती. तिनं माझ्या पानाकडे पाहिलं, भात पुढे सरकवला आणि म्हणाली, "साप्पिडुम्मा." जेव, बाई. तोवर ती माझ्याशी मराठीत बोलत होती.