तांदळाच्या दुकानामागची गाडी

३ मार्च, बुधवार

दाइगोने आजही गाडी तांदळाच्या दुकानामागे लावली आणि तिथून चालत आला. वर बर्फ भुरभुरतंय, हातात बाहुल्यांच्या सणाच्या गुलाबी वड्या, नाक त्या वड्यांहून गुलाबी. मी म्हटलं, "का रे, गाडी बिघडली?"

"नाही आजी. हायासे आहे ना ती."

असं म्हणाला, जसं काही अंगावर देवी आल्यात.

आमच्या गावात आसागिरी कंपनीची सोडून दुसऱ्या कंपनीची, त्यातून हायासेची, गाडी कुणी दारात उभी करत नाही. कायदा नाही, काही नाही. इथल्या आसागिरीच्या कारखान्यात दुसऱ्या कंपनीची गाडी घेऊन आलात तर नदीपलीकडच्या माळावर लावायची आणि पूल चालत यायचं, हा कारखान्याचा नियम. तो हळूहळू न्हाव्याने उचलला, दातांच्या डॉक्टरने उचलला, आता देवळाच्या पुजाऱ्यानेही. देवालासुद्धा आसागिरीच चालते म्हणायची.

मुलगा मला पसंत आहे. माझं मुळ्याचं लोणचं दोनदा मागून घेतलं. नातीकडे बघतो तेव्हा खायचं विसरतो, तेवढं एक.

६ मार्च, शनिवार

कात्सुमीने दाइगोला कंपनीचं संग्रहालय दाखवायला नेलं. मुलीला मागणी घालायला आलेल्या पोराला संग्रहालय! माझा मुलगा आहे म्हणून बोलत नाही. (कात्सुमी कारखान्यात हिबारी जोडतात त्या विभागाचा प्रमुख आहे. हिबारी म्हणजे ती छोटी गाडी, गावातल्या सगळ्या बायका चालवतात ती.)

नातीने, चिसातोने, मला पण ओढलं. आत शिरल्या शिरल्या संस्थापकांचा पितळी पुतळा. खाली लिहिलंय, त्यांनी स्वप्न पाहिलं. चिसातोने वाचून दाखवलं, अवघड चित्राक्षरं मला येत नाहीत. कसलं स्वप्न! लढाई संपल्यावर मी त्यांच्या शेडमध्ये भाताच्या कढया घासायला होते. माणूस कढया करायचा. कढयांना गिऱ्हाईक मिळेना म्हणून तीन चाकं लावून बघितली, एवढंच. पहिली तीनचाकी देवळाच्या चढावर थांबली आणि आम्ही पोरींनी ती ढकलत वर नेली. वर फोटोवाला उभा होता. आम्हाला म्हणाला, "बाजूला व्हा गं, फोटोत येताय." तो फोटो तिथे भिंतभर लावलाय. 'चढ जिंकणारी गाडी.'

दाइगो फोटोसमोर उभा राहून म्हणाला, "फार सुंदर आहे." खोटं नव्हता बोलत. कात्सुमी फुगला. मला वाटलं, जमलं.

घरी आल्यावर चहा पिता पिता कात्सुमी म्हणतो, "दाइगो, तुम्ही माणूस चांगले आहात. साखरपुड्याआधी गाडी तेवढी बदला. हिबारी घ्या. मग माझं काही म्हणणं नाही."

सूनबाईच्या हातातली किटली तशीच राहिली.

७ मार्च, रविवार

चिसातो कालपासून बापाशी बोलत नाही. मला म्हणाली, "आजी, त्याचे बाबा हायासेच्या कारखान्यात दरवाजे बसवतात. आयुष्यभर तेच केलंय. दाइगोने हिबारी घेतली तर ते काय म्हणतील?"

"काय म्हणतील?"

"काहीच म्हणणार नाहीत. तेच तर."

खरं आहे. शिव्या देणारा सासरा परवडतो.

पोरीने बापाला निरोप दिलाय — माझ्यामार्फत, मी काय टपालपेटी आहे का — की दाइगोची गाडी दारात येणार नसेल तर साखरपुडा नको, मानाचं ताट नको. आम्ही दोघं नगरपालिकेत जाऊन सही करू. कात्सुमीने वर्तमानपत्र उलटं धरून ऐकलं.

१० मार्च, बुधवार

गुडघा दुखतोय. शेजारच्या फुमियोबाईंनी चिंच खाल्ल्यासारखं तोंड करून विचारलं, "तोमेबाई, तुमच्या नातीचा तो — हायासेवाला म्हणे?" बाईंचा नवरा आसागिरीत रखवालदार होता. पण बोलतात अशा, जणू कंपनी त्यांच्या माहेरची.

१३ मार्च, शनिवार

आज मजा केली.

मला गुडघ्याला शेकायला गरम पाण्याच्या कुंडावर जायचं होतं. दाइगोला म्हटलं, "मला सोडशील? पण मी तांदळाच्या दुकानामागे जाऊन बसणार नाही. दारात आण."

"आजी, चिसातोचे बाबा —"

"बाबा कामावर गेलेत. दार माझ्या नवऱ्याने बांधलंय."

आणली पोराने. आधी कानापर्यंत लाल झाला, पण आणली. मी पुढे बसले, काच पूर्ण खाली केली आणि म्हटलं, कारखान्याच्या फाटकासमोरून ने. ह्या शनिवारी कारखाना चालू, जेवणाची सुट्टी झालेली, सगळे बाहेर उभे. मी हात हलवला. ओळखीच्या दोघातिघांनी सवयीने हात वर केला आणि मग गाडी बघून खाली घेतला! फुमियोबाई भाजीची पिशवी घेऊन पुलावर. त्यांना मी वाकून नमस्कार केला. बाई पिशवी धरून उभ्याच.

आणि गाडी कशी आहे म्हणाल तर — गाडीसारखी गाडी. चार चाकं, गोल सुकाणू. एवढी वर्षं गावाने असं भासवलं की हायासेत बसलं की नाकात वास जाईल, दरवाजा हातात येईल. बसायची जागा तेवढी तापते, खालून. गुडघ्याचं माहीत नाही, पण बाकी सगळं शेकून निघालं. मी दाइगोला विचारलं, "हे दार तुझ्या बाबांनी लावलंय?"

"असेल. बंद करताना आवाज ऐका, मऊ येतो. बाबा सगळ्या गाड्यांचे आवाज ऐकत बसतात रस्त्यात."

मी तीनदा उघडून लावून बघितलं. मऊच येतो.

१४ मार्च, रविवार

कात्सुमी माझ्याशीही बोलेना. आता त्याला घरात बोलायला सून तेवढी उरली, ती भिऊन बोलत नाही. छान शांतता आहे. मी दोन वाट्या जास्त जेवले.

१६ मार्च, मंगळवार

संध्याकाळी कात्सुमी स्वयंपाकघरात आला, पाणी प्यायला, आणि उभाच राहिला. मी वाटाणे सोलत होते. मग म्हणाला, "आई, तुला ओसाकाचं आठवतं?"

आठवतं तेवढंच की तेलाचे भाव भडकले, गाड्या खपेनात, तेव्हा कंपनीने कामगारांनाच दारोदार विकायला धाडलं. हा नुकताच लागला होता, आणि ह्याचे बाबा — सादाकिची, ज्याला शेजाऱ्याशी हवापाण्याचं बोलताना घाम फुटायचा — त्यालाही कोट घालून पाठवलं. बापलेक एकाच गल्लीत. घरी आल्यावर मी काही विचारलं नाही.

"एका बाईने दार उघडलं," कात्सुमी म्हणाला. "बाबांनी नुसतं गाडीचं चित्र पुढे केलं. बाई चित्र बघून हसली. आसागिरी? म्हणजे ते कढईवाले ना? आणि बाबा — आई, बाबा तिच्याबरोबर हसले. वाकून वाकून हसले. हो, कढईवाले, कढईवाले. तिच्या दारात हायासे उभी होती."

मी वाटाणे सोलत राहिले. बिचारा सादाकिची. मला म्हणाला होता, ओसाकाची माणसं फार हसरी असतात.

पण म्हणून काय पोरीचा साखरपुडा मोडायचा? तसं म्हटलं मी कात्सुमीला. "ती बाई मेलीही असेल," म्हटलं. तो गेला वर. पाणी प्यायलाच नाही.

२० मार्च, शनिवार

कात्सुमी सुट्टीच्या दिवशीही कारखान्यात जातो. काय पुरून ठेवलंय तिथे कुणास ठाऊक. निघण्याआधी चिसातोला म्हणाला, "दाइगोच्या घरच्यांना चार तारखेला बोलव. शुभ दिवस आहे." बस, एवढंच. गाडीचं नावच काढलं नाही. पोरगी माझ्याकडे बघते, मी तिच्याकडे.

४ एप्रिल, रविवार

हसून हसून पोट दुखतंय, अक्षर वेडंवाकडं आलं तरी येऊ दे.

सकाळी उठून बघते तर दारात हायासे. पांढरी, धुतलेली, चकचकीत. मला वाटलं दाइगो आला. तर आतून कात्सुमी उतरला! शेजारच्या गावातून भाड्याने आणली म्हणे. "व्याह्यांना बरं वाटेल," म्हणाला, भिंतीकडे बघत. गावात कुणी भाड्याने दिली नसती, म्हणून पहाटेच्या आगगाडीने जाऊन आणली. फुमियोबाईंचा पडदा हलला, खाली पडला, पुन्हा हलला. हलू दे.

पाहुणे यायची वेळ झाली, कुणी येईना. तांबडा भात थंड होतोय, माशाचा डोळा माझ्याकडे बघतोय. सून रडवेली. शेवटी बघतो तर गल्लीच्या टोकाकडून चौघं चालत येतायत. पुढे दाइगो, मागे त्याचा भाऊ, त्याची आई रेशमी किमोनोत, आणि बाबा — सुकी माकुली, समुद्राचं शेवाळ, पंखा, सगळं मानाचं ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून. घामाघूम.

"चालत का आलात?" कात्सुमी धावला.

ते गृहस्थ वाकले. बराच वेळ वाकलेलेच. "माफ करा. आम्ही आपल्या मानासाठी हिबारी भाड्याने घेतली. पण आपल्या दारात हायासे उभी दिसली. आम्हाला वाटलं, आमचं काही चुकलं. आपल्या गावात कुठे लावायची कळेना. मग दाइगो म्हणाला, तांदळाच्या दुकानामागे जागा असते."

आसागिरीच्या गावात आसागिरीची गाडी तांदळाच्या दुकानामागे लपवलेली! आणि आसागिरीच्या विभागप्रमुखाच्या दारात हायासे!

कात्सुमी वाकला. ते आणखी वाकले. हा आणखी. ताट कलंडायला आलं तेव्हा मी म्हटलं, "आता कुणीतरी सरळ व्हा, मासा म्हातारा होतोय."

चिसातो पहिली हसली. मग दाइगोची आई, बाहीत तोंड लपवून. मग सगळेच.

जेवणं झाल्यावर दोघं पुरुष बाहेर गेले. मला वाटलं विडी ओढायला. खिडकीतून बघते तर हिबारी दारात आणून लावलेली, हायासेच्या शेजारी, आणि ते गृहस्थ हिबारीचं दार उघडतायत, लावतायत, कान देऊन ऐकतायत. कात्सुमी शेजारी हात जोडून उभा, निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखा.

"छान मिटतंय," ते म्हणाले. "कोण बसवतं?"

कात्सुमीने नावं सांगितली. एकेकाचं. बराच वेळ सांगत होता.

मेजवानीत पिऊन चढलेली माणसं काहीही करतात. लग्न शरद ऋतूत ठरलं.

९ एप्रिल, शुक्रवार

संध्याकाळच्या बातम्यांत आसागिरीचा साहेब माफी मागत वाकला होता. हिबारी आता इथे बनणार नाही. उन्हाळ्यानंतर हायासेच्या कारखान्यातून तयार गाडी येणार, इथे फक्त आपलं नाव चिकटवणार. कात्सुमीला नव्या वर्षापासून माहीत होतं, बोलायची बंदी होती. दाइगोला तो गाडी बदल म्हणत नव्हता. शेवटच्यांतली एक आपल्या घरात ठेव म्हणत होता.

मी त्याला म्हटलं, माझ्या नावावर एक लिहून टाक. "आई, तुला चालवता येत नाही," म्हणाला. मी म्हटलं, दारात उभी तर करता येते.