गुरुवारची जोडणी

प्रिय नवनाथ,

तू क्लच दाबला होतास. हे मला मंगळवारी दुपारी आपल्याच अंगणात कळलं. तुला लिहून कळवल्याशिवाय दुसरं काही करता येईना, म्हणून हे पत्र. फोन मुद्दाम केला नाही. फोनवर मी अर्ध्यात थांबले असते, आणि तू तुझ्या सवयीनं "जाऊ द्या वहिनी" म्हणाला असतास. मला ते ऐकायचं नाही.

सात वर्षांनी माझं अक्षर पाहून पाकीट बाजूला ठेवावंसं वाटलं तर ठेव, पण फाडू नकोस. सायलीला बजावलं आहे, बाबांच्या हातातच द्यायचं. ती महिन्यातून एकदा हिंजवडीहून माझ्याकडे जेवायला येते, हे तुला माहीत नसावं. तिला रागावू नकोस. तिनं तुझ्याबद्दल फारसं कधी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. एकदाच बोलून गेली, की बाबा बारामतीत स्कूटरसुद्धा चालवत नाहीत, डेअरीत चालत जातात. त्या दिवशी माझं जेवण गेलं नव्हतं, पण मी तिला ते दिसू दिलं नाही.

झालं असं. कुंपणापलीकडच्या कारखान्यातला माणूस येऊन सांगून गेला, की आपल्या राहिलेल्या दीड एकरात गवत कमरेएवढं वाळलंय, एखादी ठिणगी पडली तर घरही जाईल. मजूर मिळेना, सगळे चाकणला शिफ्टमध्ये. वरच्या आळीतले लक्ष्मणराव भोसरीत फिटर होते, आता निवृत्त झालेत. ते म्हणाले, ट्रॅक्टर आहे, गवत कापायचं यंत्रही आहे, मी जोडून देतो. मामंजींनी एकाहत्तर साली घेतलेला ट्रॅक्टर सात वर्षं गोठ्यात उभा होता. बॅटरी बदलली, डिझेल बदललं, आणि दुसऱ्या झटक्यात तो सुरू झाला. मला त्याचा राग आला.

लक्ष्मणराव यंत्र जोडायला लागले तशी मी उंबऱ्यातूनच म्हणाले, डावा हात आधी. ते चकित होऊन बघत राहिले. मास्तरीणबाईंना हे कसं ठाऊक? मला ठाऊक आहे, कारण पस्तीस वर्षं मी तुझ्या दादांना आणि तुला कधी नांगर, कधी फण जोडताना पाहिलंय. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन हातांपैकी डावा लहानमोठा होत नाही, म्हणून तो आधी अडकवायचा. मग उजवा, त्याची मूठ फिरवून फिरवून डाव्याशी जुळवून घ्यायचा. मग वरचा दांडा, आणि शेवटी इंजिनाचा जोर यंत्राला देणारा शाफ्ट. मी लग्न होऊन आले तेव्हा तू दुसरीत होतास, सासूबाई नव्हत्या. तुझा अभ्यास मी घ्यायची, आणि पाढे चुकलास की गोठ्यात पळून दादांच्या पाठीशी उभा राहायचास. या घरात डावा हात मीच होते, नवनाथ. जुळवून घ्यायचं ते नेहमी तू.

शाफ्ट हातात घेऊन लक्ष्मणराव थांबले. म्हणाले, "बाई, ह्याचा कपलर कुठं हाय?" मी विचारलं, तो कशाला लागतो? त्यांनी समजावलं. आपल्या जुन्या ट्रॅक्टरात मागचा शाफ्ट आणि चाकं एकाच ओळीत बांधलेली असतात. क्लच दाबला की इंजिन सुटं होतं, पण खाली फिरणारं ते मणभर पातं लगेच थांबत नाही. ते शाफ्टला फिरवतं, शाफ्ट चाकांना फिरवतो, आणि ट्रॅक्टर पुढे जातच राहतो. कपलर म्हणजे सायकलचं फ्रीव्हील. पायडल थांबलं तरी चाक फिरतं, पण चाक पायडलला ओढत नाही. नव्या ट्रॅक्टरांना ही भानगड नाही, म्हणून आताच्या पोरांना ते ठाऊकही नसतं.

मी म्हणाले, दाखवा. त्यांनी मागची चाकं ठोकळ्यांवर उचलली, कपलर न लावताच शाफ्ट जोडला, गिअर टाकला, पातं पुरतं वेगात येऊ दिलं आणि क्लच ठोकून दाबला. चाकं फिरत राहिली. मी मनात आकडे मोजले. सात आले. आपल्या विहिरीच्या कठड्यापाशी तुला तीनसुद्धा मिळाले नव्हते.

चौतीस वर्षं मी नववीच्या मुलांना जडत्व शिकवलं, नवनाथ. बस थांबली की प्रवासी पुढे का झुकतो, हे फळ्यावर काढून दाखवलं. आणि दादा पुढे दगड उचलत होते, त्यांनी थांब म्हणून हात वर केला, तू थांबवायला गेलास आणि ट्रॅक्टरनं त्यांना कठड्याशी दाबलं, तेव्हा मी ओसरीवरून पाहत होते. तू माझ्यापुढे येऊन म्हणालास, "वहिनी, म्या क्लच दाबला व्हता. पार तळापतुर दाबला व्हता." मी म्हणाले, खोटं बोलू नकोस.

पुढचं तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण ते माझ्या हातून झालं. पोलिसांना जबाब मी स्वतःच्या अक्षरात लिहून दिला. चालकाचा पाय क्लचवर नव्हता, असं त्यात आहे. मी ओसरीवर होते, पन्नास पावलांवर. तुझा पाय मला दिसणं शक्यच नव्हतं. शिकलेल्या बाईचा जबाब म्हणून कुणी फिरून विचारलं नाही. खेडच्या कोर्टात तू दोन वर्षं खेपा घातल्यास आणि पुराव्याअभावी सुटलास. सुटला म्हणजे निर्दोष, असं भावकीत कुणी धरलं नाही. पण तू तर त्याआधीच गेला होतास, देहूच्या घाटावरून दहाव्याच्या दिवशी परस्पर, डोक्याला तसाच टॉवेल गुंडाळून.

त्या घाटावर कावळा शिवत नव्हता. उन्हं चढली. लेकीचं, मिनलचं लग्न करून देऊ म्हणून सांगून झालं, विहीर बुजवणार नाही म्हणून सांगून झालं. तू हात जोडून म्हणालास, दादा, मी आयुष्यात परत स्टिअरिंगला हात लावणार नाही. तरी नाही. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला काय बोलायला हवं होतं ते माझ्या तोंडाशी आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हणाले, तुमचा ट्रॅक्टर विकणार नाही. तेवढ्यात कावळा शिवला. मी विज्ञानाची शिक्षिका. पण त्या क्षणी मी ते माझ्या सोयीनं घेतलं, की यांना एवढंच हवं होतं, बाकीचं बोलायची गरज नाही.

ते बाकीचं आता लिहिते. लक्ष्मणरावांनी कपलर कुठं आहे विचारलं, तेव्हा मला शोधावा लागला नाही. मी आत गेले, लोखंडी कपाटाचा खालचा खण उघडला आणि दादांच्या रुमालात गुंडाळलेला तो तुकडा आणून त्यांच्या हातावर ठेवला. सात वर्षं तो तिथंच होता. मीच ठेवला होता.

मिनलला बघायला शुक्रवारी पाहुणे येणार होते. अंगणापासून विहिरीपर्यंत रान माजलेलं, ते मला तसं दिसायला नको होतं. गुरुवारी सकाळी दादांनी यंत्र जोडायला काढलं. कपलर लावला तर शाफ्ट चार बोटं लांब पडत होता, तो भोसरीत कापून आणावा लागणार होता, आणि गुरुवारी सगळ्या औद्योगिक पट्ट्याला सुट्टी, एकही लेथ चालू नाही. दादा म्हणाले, आज राहू दे, उद्या सकाळी कापून आणतो. मी म्हणाले, उद्या पाहुणे दारात असताना तुम्ही भोसरीत? एवढ्या डबीएवढ्या लोखंडावाचून काय अडलंय? त्यांनी कपलर पुसला आणि माझ्या हातात दिला. तू तेव्हा कंपनीतून, बुधवारच्या रात्रपाळीहून यायचा होतास. तू आलास तेव्हा सगळं जोडून तयार होतं, तू फक्त चढलास.

तो तुकडा कशासाठी असतो हे मला माहीत नव्हतं, एवढं खरं. पण तो काढला गेलाय, माझ्या सांगण्यावरून, हे मला पहिल्या तासापासून माहीत होतं. म्हणूनच मी कुणाला कधी विचारलं नाही, तो कशासाठी असतो. विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं.

आणि शेवटचं, ज्यासाठी हे सगळं लिहिलं. पिंपरीच्या दवाखान्यात दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा शुद्धीवर आले होते. तू औषधं आणायला खाली गेला होतास. मी उशाशी बसले होते. ते म्हणाले, "नव्याला काय बोलू नगंस. जोडणी माझी व्हती." दोनदा म्हणाले. त्यांनी तुला सोडवलं आणि मलाही झाकलं. तू वर आलास तोवर त्यांना ग्लानी आली होती, आणि मी तुला काही सांगितलं नाही. तुला सांगितलं असतं तर जोडणीचं निघालं असतं, आणि मग गुरुवारचं. जोडणी त्यांची नव्हती, नवनाथ. माझी होती.

माफी मागत नाही. ती द्यायचं ओझं तुझ्यावर कशाला. येत्या श्राद्धाला भावकी जमेल, त्यांच्यासमोर हे मी उभी राहून सांगणार आहे. तू यावंस असं वाटतं. यायलाच हवं असं नाही.

तुझीच,
इंदूवहिनी

सायलीच्या हाती दिलं ते असं: ट्रॅक्टरची किल्ली, दोऱ्यासकट. कपलर, दादांच्याच रुमालात. शाफ्ट इथंच आहे, लक्ष्मणरावांनी बुधवारी चार बोटं कापून आणला आहे, तो यंत्राला लावलेला आहे, गवत अजून कापलेलं नाही. माझ्या जुन्या जबाबाची नक्कल. काल पोलीस ठाण्यात दिलेला नवा जबाब, पोचेच्या शिक्क्यासह. आणि दादांचा निरोप, एक वाक्य, माझ्याकडे सात वर्षं राहून गेलेलं.